यंत्राचा बदली कामगार



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, वेतनकरारावर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. सर्व्हर हा संगणक शिकलेल्यांचा प्रांत, तेथे याचे काय काम? तर काम आहे. पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात कोणत्याही कारखान्याच्या फाटकाशी पाळी सुटताना उभे राहावे आणि विचारावे, आज लाइन का थांबली होती? पूर्वी तीन उत्तरे ठरलेली असत: वीज गेली, यंत्र मोडले, माल आला नाही. आता चौथे उत्तर ऐकू येते, "सर्व्हर डाऊन होता." आणि या उत्तराची मौज अशी, की ते ऐकल्यावर पुढे कोणी काही विचारीत नाही. पाऊस पडला म्हणजे पडला, त्याप्रमाणे सर्व्हर पडला म्हणजे पडला! पण पाऊस पाडणारा कोणी नसतो. सर्व्हर मांडणारा कोणीतरी असतो. म्हणून पुढचे प्रश्न विचारायला आपण शिकले पाहिजे.

लाइनचा आणि सर्व्हरचा संबंध काय, ते आधी पाहू. चाकणला मोटारींची जुळणी होते. त्यांच्या सीटा, बंपर, तारांचे हार्नेस महिनाभर आधी आणून गुदामात रचून ठेवीत नाहीत. ज्या क्रमाने गाड्या लाइनवर येणार त्याच क्रमाने भाग यावेत, तेही थोडाच वेळ आधी, अशी रचना असते. लाल गाडीमागून पांढरी येणार असेल तर बंपरही त्याच क्रमाने ट्रकमध्ये चढले पाहिजेत. हा क्रम पुरवठादाराला संगणकावरून कळतो. त्याच्याकडे प्रत्येक नगासाठी बारकोडचे लेबल छापले जाते, ते यंत्राने वाचले जाते, मग माल निघतो. लेबल नसेल तर उत्तम मालही फाटकावरून परत येतो. म्हणजे प्रेस आणि पाना यांच्याइतकेच हे लेबल आता उत्पादनाचे हत्यार झाले आहे, आणि ते छापण्याचा हुकूम ज्या यंत्रातून येतो तो सर्व्हर.

एवढ्या महत्त्वाचे यंत्र एकटे ठेवणे धोक्याचे, हे उघड आहे. म्हणून दोन किंवा तीन सर्व्हर जोडून त्यांचा जथा करतात. त्याला क्लस्टर म्हणतात. एक पडला तर दुसऱ्याने काम उचलावे, ही त्यातली कल्पना. गिरणगावाची माहिती असलेल्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असे. तो रोज सकाळी फाटकाशी येऊन उभा राही. कायम कामगार आला नाही म्हणजे मुकादम बदलीला आत घेई, आणि साचा बंद पडत नसे. आजारी पडणारी माणसे असूनही गिरणी अखंड चालत होती ती या बदलीच्या जिवावर. क्लस्टरमधला दुसरा सर्व्हर हा यंत्राचा बदली कामगार आहे. ही गोष्ट एकदा मनात बसली, की बाकीचे शास्त्र आम्हांला अवघड वाटले नाही. पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले आणि भांडणे सोडविता सोडविता आम्ही ते शिकलो.

आता हे सर्व्हर पुष्कळदा खरे लोखंडी यंत्र नसतात. एका मोठ्या यंत्राच्या पोटात दहावीस सर्व्हर कल्पून चालवितात. त्यांना व्हर्च्युअल म्हणतात. आपण त्याला चाळ म्हणू. प्रत्येक खोलीतल्या बिऱ्हाडाला वाटते की आपले घर स्वतंत्र. चूल वेगळी, कुलूप वेगळे. परंतु पाण्याची टाकी एक, जिना एक आणि पायाही एकच. टाकी फुटली म्हणजे सगळी चाळ कोरडी. कामगार आणि त्याचा बदली दोघेही एकाच चाळीत राहत असतील आणि त्या चाळीला आग लागली, तर दुसऱ्या दिवशी साच्यावर कोण उभा राहणार?

हा प्रश्न आम्ही हौसेने काढलेला नाही. २९ ऑगस्ट २०२३ रोजी जपानमधील टोयोटा कंपनीचे चौदाही जुळणी कारखाने थांबले. अठ्ठावीस लाइनी बंद. वेळेवर माल आणण्याची जी पद्धत आज आपल्या भोसरीच्या छोट्या वर्कशॉपांतही शिकविली जाते, ती या कंपनीने घडविलेली. पहिल्या दिवशी जगभर तर्क चालले, कोणी शत्रूने संगणकावर हल्ला केला काय? पुढे सप्टेंबरमध्ये कंपनीनेच खुलासा केला. हल्ला वगैरे काही नव्हता. २७ तारखेला नेहमीची देखभाल केली होती. साठलेली माहिती काढून नीट लावण्याचे काम चालू असता डिस्कवरची जागा अपुरी पडली, आणि सुट्या भागांच्या मागण्या हाताळणारे काही सर्व्हर बंद पडले. मग बदली सर्व्हर कोठे गेला? तो होता, परंतु तोही त्याच व्यवस्थेवर चालत होता. म्हणून जी अडचण पहिल्याला झाली तीच दुसऱ्याला झाली, आणि काम त्याच्याकडे वळविता आले नाही. शेवटी अधिक जागेचा सर्व्हर लावून २९ तारखेला दुरुस्ती झाली आणि दुसऱ्या दिवशी कारखाने सुरू झाले. जगातल्या सर्वांत काटेकोर म्हणून नावाजलेल्या कारखान्यात बदली कामगार मस्टरवर होता, फाटकात नव्हता.

आता आपल्याकडचे एक उदाहरण सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. ते प्रकरण मिटलेले आहे. चाकण भागातल्या एका सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात रात्रपाळीला लेबल छापणे थांबले. ट्रक उभे राहिले, सकाळी गिऱ्हाइकाने दंड लावला. तिसऱ्या दिवशी सहा ऑपरेटरांना नोटिसा आल्या. आरोप असा, की त्यांनी स्क्रीनवरचे बटण वारंवार दाबून यंत्रणेवर अनावश्यक ताण आणला व त्यामुळे सर्व्हर बंद पडला. शिवाय त्या रात्रीचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. पुरावा म्हणून व्यवस्थापनाने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. टर्मिनलच्या नोंदीत वारंवार बटण दाबल्याची वेळ एक वाजून आठ मिनिटे. सर्व्हरच्या नोंदीत पहिला बिघाड एक वाजून दहा मिनिटे. आधी बटण, मग बिघाड. कागद पाहून आमचे कार्यकर्तेही क्षणभर गप्प झाले.

आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. तीन संध्याकाळी तो आमच्या कचेरीत येऊन बसला. नोंदी वाचण्यापूर्वी त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: "या दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळतात का?" त्याच रात्री बिघाडापूर्वी छापलेली लेबले दोन्हीकडे नोंदलेली होती. एकेक लेबल धरून वेळा ताडून पाहिल्या. प्रत्येक वेळी टर्मिनलचे घड्याळ सर्व्हरपेक्षा सहा मिनिटे मागे! म्हणजे एक वाजून आठ मिनिटांचे बटण खरे पाहता एक वाजून चौदा मिनिटांचे होते. बिघाड आधी झाला, लेबल येईना म्हणून माणसाने पुन्हा बटण दाबले. नोटिशीचा सारा डोलारा त्या सहा मिनिटांवर उभा होता. बिघाड शोधणाऱ्याने पहिल्याने घड्याळे जुळवावीत, हा धडा आम्ही तेथे घेतला. आणि खातेचौकशीत संगणकाचा कागद पुढे आला, की आता आमचा पहिला प्रश्न तोच असतो.

पुढचा शोध आणखी बोधप्रद होता. तेथे दोन सर्व्हर होते आणि त्यांच्यापुढे काम वाटून देणारा एक मुकादम होता; त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. हा मुकादम दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला हाक मारतो, "आहेस का?" "आहे" असे उत्तर आले की त्याच्याकडे काम पाठवितो. त्या रात्री पहिल्या सर्व्हरची डिस्क अडकली होती. त्याच्या हातून एकही लेबल निघत नव्हते; पण हाकेला ओ देण्याइतकी शुद्ध त्याला होती. म्हणून निम्मे काम त्याच्याकडे जातच राहिले आणि तेथेच पडून राहिले. ज्यांनी मस्टर सांभाळले आहे त्यांना हे चांगले कळेल. कार्ड पंच झाले म्हणजे माणूस यंत्रावर उभा आहे, असे होत नाही. हजेरी विचारायची ती फाटकावर नव्हे, कामाच्या जागेवर. प्रत्यक्ष एखादे खोटे लेबल छापवून पाहील अशी तपासणी मुकादमाला नेमून दिली असती, तर पहिला सर्व्हर अर्ध्या मिनिटात बाजूला झाला असता.

यानंतर कोणीतरी घाईने ते मूळ यंत्रच बंद करून चालू केले. आणि दोन्ही सर्व्हर एकदम गेले. कारण? दोघे एकाच चाळीत! उभारणीच्या वेळी ते वेगवेगळ्या यंत्रांवर होते. पुढे एका यंत्राची दुरुस्ती निघाली, तेव्हा त्यावरचा सर्व्हर चालता चालता दुसऱ्यावर हलविला. हे हलविणे आजकाल इतके सोपे आहे की काम क्षणभरही थांबत नाही. तो परत जागेवर न्यायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही. "हे दोघे एका छपराखाली कधीही ठेवू नयेत" असा नियम त्या व्यवस्थेत लिहून ठेवता येतो. तो लिहिलेला नव्हता.

नोटिसा मागे घेतल्या गेल्या, कापलेला पगार मिळाला. परंतु त्या रात्री त्याच लाइनवर दोन कंत्राटी मुले होती. त्यांना नोटीस नव्हती, चौकशीही नव्हती. त्यांच्या ठेकेदाराने दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, एवढेच सांगितले होते. त्यांना परत आणणे आम्हांला जमले नाही.

क्लस्टरमध्ये याहून बिकट एक दुखणे आहे, आणि ते आपल्या चळवळीला फार जवळून माहीत आहे. दोन सर्व्हर परस्परांची नाडी पाहत असतात. समजा, दोघेही धडधाकट आहेत, पण मधली तार तुटली. पहिल्याला वाटते दुसरा मेला, दुसऱ्याला वाटते पहिला मेला. दोघेही म्हणतात, आता मीच मुख्य. दोघेही एकाच वहीत लिहू लागतात, आणि वहीचा सत्यानाश होतो. संगणकवाले याला डोके दुभंगणे म्हणतात. आयटकमध्ये १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात फूट पडली, तेव्हापासून कामगार संघटनांत हा रोग आपण किती वेळा पाहिला! दोन सेक्रेटरी, दोन शिक्के, दोन पावतीपुस्तके. आणि कामगार विचारतो, वर्गणी कोणाला द्यावी?

सर्व्हरवाल्यांनी त्यावर जो उपाय काढला तो आपलाच आहे. त्याचे नावसुद्धा आपलेच: कोरम. ज्याच्या बाजूला निम्म्याहून अधिक मते, तोच काम करील. बाकीच्याने मुकाट्याने थांबावे. दोघांतच मतदान घेतले तर एकाला एक, निकाल लागत नाही. म्हणून तिसरा साक्षीदार ठेवतात. त्याने काम करायचे नसते, फक्त मत द्यायचे असते. हा साक्षीदार त्या दोघांपैकी एकाच्याच चाळीत बसविलेला आम्ही पाहिला आहे. ती चाळ पडली की साक्षीदारही गेला, आणि उरलेला शहाणा सर्व्हर कोरम नाही म्हणून हात बांधून बसला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, चांगला सर्व्हर असून बंद का? तो नियमाप्रमाणे वागत असतो. नियम मांडणाऱ्याची खुर्ची चुकलेली असते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही एकाहून अधिक संघटना असतील तेथे वाटाघाटीचा एकट्याचा हक्क एकावन्न टक्केवाल्याला दिला आहे. त्या संहितेशी आमचे अनेक बाबतींत भांडण आहे, पण बहुमताचे गणित कोठून येते ते सर्व्हरने आम्हांला पुन्हा एकदा शिकविले, असे म्हणायला हरकत नाही.

आता भाराचे बोलू. पुष्कळ कारखान्यांत अभिमानाने सांगतात, आमचे दोन सर्व्हर आहेत आणि दोन्ही सत्तर टक्के भरलेले आहेत, एकही रिकामा बसत नाही. हिशेब करा. सत्तर आणि सत्तर मिळून एकशे चाळीस. एक पडला तर उरलेल्याला एकशे चाळीस टक्के काम उचलावे लागेल. तो कसा उचलणार? तोही पडेल. दोन असतील तर प्रत्येकावर निम्म्याहून कमी भार हवा, तीन असतील तर दोनतृतीयांशाहून कमी. तरच बदलीला अर्थ आहे. जो मोकळेपणा खर्चखात्याला उधळपट्टी वाटतो, तोच अडचणीच्या वेळी कामाला येतो. माणसांच्या बाबतीतही हीच चूक चालू आहे. दोन माणसांचे काम एकावर घालून त्याला कार्यक्षमता म्हणायचे, आणि तो एक आजारी पडला की लाइन का थांबली म्हणून चौकशी लावायची!

एकाचा भार दुसऱ्यावर जाऊन सगळेच कोसळणे ही कल्पनेतली भीती नाही. जुलै २०१२ मध्ये बीना-ग्वाल्हेर ही विजेची वाहिनी ताण सहन न होऊन बंद पडली, तिचा भार इतर वाहिन्यांवर गेला, त्याही एकामागून एक सुटल्या. ३० तारखेला उत्तर भारत अंधारात गेला आणि ३१ तारखेला उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही जाळी कोसळली. आपण पश्चिमेच्या जाळ्यात होतो म्हणून वाचलो.

उलट भार शहाणपणाने वाटला तर काय होते, तेही याच पट्ट्याने पाहिले आहे. २००६ मध्ये महाराष्ट्रात भारनियमन जोरात होते. तेव्हा पुण्याच्या उद्योजकांच्या संघटनेने योजना मांडली, की कारखान्यांत पडून असलेली जनरेटर टंचाईच्या वेळी चालवावीत; कारखाने तेवढी वीज जाळ्यातून घेणार नाहीत आणि ती शहराला मिळेल. वीज नियामक आयोगाने मान्यता दिली आणि पुणे-पिंपरी-चिंचवड पट्टा त्या काळात भारनियमनातून सुटला. डिझेलची वीज महाग. तो जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांकडून आकार घेऊन भागविला. योजनेवर टीका झाली, ग्रामीण भाग अंधारात ठेवून शहर उजळले असेही म्हटले गेले, आणि त्या टीकेत तथ्य होते. परंतु एक गोष्ट त्या योजनेत चोख होती. भार कोण उचलणार आणि त्याचे पैसे कोण देणार, ही दोन्ही उत्तरे आधी ठरली होती आणि जाहीर होती.

सर्व्हरच्या बाबतीत हे दुसरे उत्तर कोणी देत नाही. २०२५ च्या ऑगस्टअखेर जग्वार लँड रोव्हर या तेव्हा टाटा मोटर्सच्या मालकीच्या असलेल्या कंपनीवर संगणकी हल्ला झाला. तेथे बदली सर्व्हरही कामाचा नव्हता, कारण पहिल्याला झालेली बाधा दुसऱ्याला होईल या भीतीने सगळेच बंद करावे लागते. सप्टेंबरभर उत्पादन थांबले, ८ ऑक्टोबरपासून हळूहळू सुरू झाले. इंग्लंडमधल्या एका अभ्यासगटाने एकूण नुकसानीचा अंदाज एकशे नव्वद कोटी पौंड केला आणि पाच हजारांवर संस्थांना झळ पोचल्याचे सांगितले. ब्रिटिश सरकारने कंपनीच्या कर्जाला दीडशे कोटी पौंडांची हमी दिली. पुरवठादारांकडच्या कामगारांना मात्र घरी बसविण्यात येत होते, आणि त्यांच्या पगाराची सोय करा असे तिथली युनाइट ही संघटना ओरडून सांगत होती.

आपला कायदा याबाबतीत मुका नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफची व्याख्या होती. कोळसा, वीज वा कच्चा माल यांची टंचाई, माल साठून राहणे, यंत्राचा बिघाड, नैसर्गिक आपत्ती किंवा त्यांसारखे कारण, यामुळे मालक काम देऊ शकला नाही तर तो ले-ऑफ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता अमलात आली, तिच्यातही ही कारणे तशीच आहेत. आमचे म्हणणे असे, की सर्व्हर हे यंत्र आहे आणि तो बंद पडणे हा यंत्राचा बिघाड आहे. ती कामगाराची गैरहजेरी नव्हे, की त्याची रजा परस्पर कापावी. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तेथे, वर्षभर नोकरी झालेल्याला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळाली पाहिजे. आता त्या कलमातले आणखी दोन शब्द ऐका. ही भरपाई बदली कामगाराला आणि नैमित्तिक कामगाराला नाही! ज्याच्या जिवावर साचा चालू राहायचा, नेमके त्यालाच साचा थांबल्यावर काही नाही. बदलीने वर्षभर सलग काम केले तर तो बदली राहत नाही, असे कायदा म्हणतो. ते वर्ष कोणाचे कसे पुरे होऊ देत नाहीत, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको.

म्हणून यंदाच्या मागणीपत्रात आम्ही काही नवी कलमे घातली आहेत. लाइन ज्या सर्व्हरवर चालते त्याची बदली वर्षातून दोनदा मुद्दाम करून पाहावी. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या पाळीला, पहिला सर्व्हर खरोखर बंद करून, आणि त्या वेळी ऑपरेटर पगारावर हजर असावेत, कारण लेबल निघते की नाही हे त्यांनाच कळते. बंद पडण्याची मूळ नोंद तीन दिवसांत संघटनेला मिळावी, घड्याळांच्या फरकासह. नोंद तपासल्याशिवाय कोणाला नोटीस देऊ नये. आणि सर्व्हरमुळे थांबलेल्या तासांचा पगार लाइनवरच्या प्रत्येकाला मिळावा, मग त्याचे नाव कंपनीच्या मस्टरवर असो की ठेकेदाराच्या. पहिल्या तिन्ही कलमांवर एका ठिकाणी बोलणी बरीच पुढे गेली आहेत. तेथले संगणकखातेच आमच्या बाजूने बोलले, त्यांनाही रात्री दोन वाजता उठून शिव्या खाव्या लागतात. चौथ्या कलमाला अद्याप उत्तर आलेले नाही. पुढची बैठक सोमवारी आहे.